नक्षत्रांच्या रानातले देवालय : सान्तियागोची वारी

आषाढ लागला, पालख्यांनी प्रस्थान ठेवले आणि देहू-आळंदीपासून पंढरपुरापर्यंतचा रस्ता टाळमृदंगांनी भरून गेला, की महाराष्ट्राच्या घराघरांत एक निराळेच वारे वाहू लागते. ज्यांच्या घरी वारी आहे ते चालू लागतात, ज्यांना जाणे होत नाही ते देवघरापुढे बसून मनाने चालतात. अशा या दिवसांत आमचे मन पंढरीच्या वाटेवरून हलत नाही हे खरे; तरी आज वाचकांना आम्ही फार दूरच्या एका वाटेवर नेऊ इच्छितो. ही वाट आहे स्पेन देशातली. दरवर्षी 25 जुलैला तिच्या अखेरच्या मुक्कामी मोठा उत्सव होतो. तेथील देव निराळा, भाषा निराळी, उपासनाही निराळी. परंतु पायी चालून जाणाऱ्याच्या तळव्याला येणारा फोड सर्वत्र सारखाच असतो, आणि कळस दृष्टीस पडला की डोळ्यांत येणारे पाणीही सारखेच.

स्पेनच्या वायव्य टोकाला गालिसिया नावाचा प्रांत आहे. सतत पाऊस, हिरवे डोंगर, ओले काळपट ग्रॅनाइटचे दगड आणि पलीकडे अथांग अटलांटिक महासागर. कोकणातल्या माणसाला श्रावणात परके वाटू नये असा हा मुलूख. तेथे सान्तियागो दे कोम्पोस्तेला नावाचे नगर आहे आणि नगराच्या मध्यभागी प्रेषित याकोबाचे महामंदिर उभे आहे. हजार वर्षांहून अधिक काळ युरोपातील भाविक या मंदिराकडे पायी चालत आले आहेत.

प्रेषिताची कथा

याकोब हा येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी एक. गालील सरोवरात मासे धरणाऱ्या जब्दीचा हा मुलगा. गुरूने हाक मारताच याकोब आणि त्याचा भाऊ योहान जाळी व नाव तेथेच टाकून त्याच्यामागे निघाले, असे बायबल सांगते. पुढे इसवी सन 44 च्या सुमारास राजा हेरोद अग्रिप्पाने जेरुसलेममध्ये याकोबाचा शिरच्छेद करविला. इतका भाग ग्रंथात आहे. यापुढची कथा परंपरेची. शिष्यांनी गुरूचा देह नावेत घातला, नाव समुद्रातून वाहत थेट गालिसियाच्या किनाऱ्याला लागली आणि तेथल्या एका रानात त्याला समाधी दिली गेली. त्यानंतर आठ शतके कोणालाही तिची आठवण राहिली नाही.

नवव्या शतकाच्या आरंभी पेलायो नावाचा एक विरक्त त्या रानात राहत असे. रात्री रानातील एका जागी तारे उतरल्यासारखा प्रकाश त्याला दिसू लागला. त्याने ही वार्ता तेओदोमिरो नावाच्या बिशपला, म्हणजे त्या प्रदेशाच्या धर्मगुरूला सांगितली. झाडी तोडून पाहता एक प्राचीन थडगे सापडले. अस्तुरियासचा राजा दुसरा आल्फोन्सो आपल्या ओविएदो या राजधानीतून दर्शनास आला आणि त्याने तेथे पहिले लहानसे मंदिर बांधविले. राजा हाच या वाटेचा पहिला वारकरी मानला जातो. ‘कोम्पोस्तेला’ या नावाचा अर्थ काही जण ‘ताऱ्यांचे शेत’ असा लावतात, तर काही विद्वानांच्या मते त्याचे मूळ ‘दफनभूमी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. भाविकांनी अर्थात पहिलाच अर्थ हृदयाशी धरला.

तारे दिसले की नाहीत, हे इतिहास सांगू शकत नाही. परंतु एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. तेओदोमिरो नावाचा कोणी बिशप खरोखर होऊन गेला का, याविषयीही एके काळी अभ्यासकांना शंका होती. 1955 साली मंदिराच्या तळाशी उत्खनन चालू असता त्याच्याच थडग्यावरची शिळा सापडली. तिच्यावर त्याचे नाव आणि 847 हे मृत्यूचे वर्ष कोरलेले होते. कथेतील सारेच सिद्ध झाले असे नव्हे. पण केवळ कथा म्हणून जिच्याकडे पाहिले जात होते तिच्यातला एक माणूस जमिनीतून साक्ष देत वर आला.

घंटांचे दोन प्रवास

तिसऱ्या आल्फोन्सो राजाच्या काळात पहिल्या मंदिराच्या जागी अधिक मोठे मंदिर झाले व 899 साली त्याची प्रतिष्ठापना झाली. त्यानंतर शंभर वर्षेही लोटली नाहीत तोच 997 साली कोर्दोबाच्या खिलाफतीचा सेनानी अल्-मन्सूर सैन्यासह चालून आला. नगर जाळले गेले, मंदिर उद्ध्वस्त झाले. परंतु प्रेषिताच्या समाधीला त्याने हात लावू दिला नाही, असे वृत्तान्त सांगतात. मंदिराच्या घंटा मात्र ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवर लादून त्याने कोर्दोबास नेल्या आणि तेथील महामशिदीत त्यांचे दिवे केले. पुढे 1236 साली राजा तिसऱ्या फेर्नान्दोने कोर्दोबा जिंकले आणि त्याच घंटा सान्तियागोस परत धाडल्या. या खेपेला त्या मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवर होत्या.

सोमनाथाची आठवण ज्यांच्या मनात ताजी आहे अशा आमच्या वाचकांना ही कथा वाचून काय वाटेल, हे सांगावयास नको. पण येथे क्षणभर थांबून आणखी एक गोष्टही आठवली पाहिजे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे श्रीमंगेशाला कुशस्थळीहून आणि श्रीशांतादुर्गेला केळशीहून अंत्रुजात हलवावे लागले. त्या देवळांवर उठलेला हात याच सान्तियागोला पूज्य मानणाऱ्या धर्माच्या लोकांचा होता. तेव्हा देवालय पाडणारा हात कोणा एका धर्माचा नसतो. तो सत्तेच्या मदाचा असतो. घंटा जाताना आणि येताना तिचे वजन तेवढेच होते आणि दोन्ही वेळा ते हरलेल्या गरिबाच्याच खांद्यावर होते.

या मंदिराच्या इतिहासाचे एक अंग असे आहे की ते झाकून ठेवणे बरे नव्हे. मासे धरणाऱ्या त्या शांत शिष्याला पुढील काळाने शुभ्र घोड्यावर बसविले, हाती तलवार दिली आणि ‘मूरांचा संहारक’ ठरविले. 844 सालच्या क्लाविहोच्या लढाईत तो प्रकट झाला अशी आख्यायिका रचली गेली. इतिहासकार ती लढाई घडलीच नाही असे मानतात. महामंदिरात या रूपातील एक मूर्ती आहे. घोड्याच्या टापांखाली पडलेल्या माणसांच्या आकृती फुलांनी झाकून ठेवण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. दगड बदलता येत नाही, पण त्यावर फुले घालता येतात.

महामंदिराची रचना

आज उभे असलेले मंदिर 1075 साली, राजा सहावा आल्फोन्सो व बिशप दिएगो पेलाएस यांच्या काळात बांधावयास घेतले गेले. बर्नार्दो नावाचा वयोवृद्ध स्थपती आणि त्याचा साहाय्यक रोबेर्तो यांच्या हाताखाली सुमारे 50 पाथरवट काम करीत होते, असे बाराव्या शतकातील ‘कालिक्स्तिनुस’ या हस्तलिखितात नोंदले आहे. पुढे दिएगो हेल्मीरेस या कर्तबगार धर्मगुरूने कामाला गती दिली. 1211 साली राजा नववा आल्फोन्सो याच्या उपस्थितीत मंदिराची विधिवत प्रतिष्ठापना झाली. म्हणजे पहिला दगड बसल्यापासून या सोहळ्यापर्यंत 136 वर्षे गेली. ज्याने पाया घातला त्याच्या नातवालाही तो दिवस पाहावयास मिळाला नसेल.

मंदिराचा आराखडा क्रूसाच्या आकाराचा आहे. लांबी सुमारे 100 मीटर, मध्यदालनाची उंची 20 मीटरांहून अधिक. छत अर्धगोल कमानींचे, भिंती ग्रॅनाइटच्या. आपल्या अनेक देवळांत देव पूर्वाभिमुख असतो. येथे भाविक पश्चिमेच्या महाद्वारातून आत येतो आणि पूर्वेकडे तोंड करून वेदीकडे चालत जातो. वेदीच्या नेमके खाली प्रेषिताची समाधी आहे.

वारकरी मनाला विशेष जवळची वाटेल अशी या वास्तूची एक खूण आहे: तिचा प्रदक्षिणामार्ग. मध्यदालनाच्या दोन्ही बाजूंच्या पडव्या पुढे जाऊन क्रूसाच्या दोन्ही भुजांना आणि वेदीच्या मागच्या अर्धवर्तुळालाही वळसा घालतात. त्या अर्धवर्तुळाला लागून लहान लहान प्रार्थनागृहे ओवऱ्यांसारखी बाहेर निघालेली आहेत. मुख्य वेदीवर पूजा चालू असता यात्रेकरूंची रांग तिला व्यत्यय न आणता मागून फिरून बाहेर पडावी, ही त्यामागची योजना. वर सज्जे आहेत. तेथेही माणसे मावत. फ्रान्समधील तुलूझ व कोंक येथील मंदिरे याच धर्तीची आहेत आणि तीही यात्रेच्या वाटेवरच आहेत. गर्दी ही अडचण न मानता गर्दीसाठीच घर बांधावयाचे, ही दृष्टी त्या काळच्या स्थपतींजवळ होती.

मंदिराच्या दक्षिणद्वाराचे शिल्प बाराव्या शतकाच्या आरंभकाळातील आहे. परंतु ज्या दर्शनी भागाची चित्रे जगभर पाहावयास मिळतात, तो मात्र पुष्कळ नंतरचा. 1738 ते 1750 या काळात फेर्नान्दो दे कासास नोवोआ या स्थपतीने जुन्या मंदिरापुढे बरोक शैलीचा नवा मुखवटा उभारला. त्याचे दोन मनोरे सुमारे 74 मीटर उंचीचे आहेत. पावसाने भिजलेल्या या ग्रॅनाइटवर शेवाळाचा सोनेरी-हिरवा रंग चढतो आणि मावळतीच्या उन्हात तो उजळून निघतो. समोरच्या चौकाचे नाव ‘ओब्रादोइरो’, म्हणजे कर्मशाळा. पाथरवट तेथे बसून दगड घडवीत, म्हणून ते नाव पडले. राजांची वा सरदारांची नावे मिळण्याऐवजी नगराच्या मुख्य चौकाला कामगारांच्या छिन्नीची आठवण मिळाली, हे आम्हांला फार गोड वाटते.

महाद्वारातील वैभव

या बरोक मुखवट्याच्या आत गेले की जुने महाद्वार समोर येते. हेच जगप्रसिद्ध ‘पोर्तिको दे ला ग्लोरिया’, वैभवाचे द्वार. ते मातेओ नावाच्या शिल्पाचार्याने घडविले. 1168 साली राजा दुसऱ्या फेर्नान्दोने त्याला वर्षासन बांधून दिले आणि 1 एप्रिल 1188 रोजी द्वाराच्या शिळा बसविल्या गेल्या, असा लेख तेथे कोरलेला आहे. तीन कमानींवर मिळून 200 हून अधिक आकृती आहेत. मध्यभागी सिंहासनस्थ ख्रिस्त, भोवती शुभवर्तमानांचे चार लेखक, आणि वरच्या कमानीवर वाद्ये हाती घेतलेले 24 वृद्ध. ते वाद्ये जुळवीत आहेत, आपसांत बोलत आहेत. कीर्तन उभे राहण्यापूर्वीचा तो क्षण दगडात धरला आहे. संदेष्टा दानिएल तर चक्क हसतो आहे, आणि त्या काळच्या युरोपीय शिल्पात असे मोकळे हास्य विरळाच.

हे शिल्प मुळात रंगविलेले होते. सोन्याचा मुलामा आणि लाजवर्द दगडाचा निळा रंग त्यावर चढविला होता. मध्ययुगात हा दगड अफगाणिस्तानच्या खाणींतून येत असे. छतातून झिरपणाऱ्या ओलाव्याने रंगाचे पापुद्रे सुटू लागले, तेव्हा संवर्धनाचे मोठे काम हाती घेण्यात आले. दशकभर चाललेले हे काम 2018 साली पूर्ण झाले.

मधल्या खांबावर प्रेषित याकोब हाती दंड घेऊन बसला आहे, आणि त्याच्या पायांखालच्या संगमरवरी स्तंभावर ख्रिस्ताचा वंशवृक्ष कोरलेला आहे. शेकडो मैल चालून आलेला प्रत्येक यात्रेकरू आत पाऊल टाकण्यापूर्वी या स्तंभावर हात टेकीत असे. एकाच जागी टेकलेल्या लक्षावधी हातांनी त्या संगमरवरात पाच बोटांचे पाच खळगे पडले. पाथरवटाने न कोरलेले हे शिल्प भाविकांनी कोरले. आज तेथे हात लावू दिला जात नाही. स्तंभ वाचवावयाचा तर स्पर्श थांबविला पाहिजे, असा निर्णय झाला.

याच स्तंभाच्या मागच्या बाजूला, द्वाराकडे पाठ आणि वेदीकडे तोंड करून गुडघे टेकलेली एक लहान आकृती आहे. ती मातेओचीच, असे लोक मानतात. आपले सर्वोत्तम काम पाठीमागे सोडून तो देवाकडे पाहत बसला आहे. आमच्या डोळ्यांपुढे नामदेवांची पायरी उभी राहिली.

धूप आणि झोका

या मंदिराचे आणखी एक नवल म्हणजे ‘बोताफुमेइरो’ हे महाधूपपात्र. उंची सुमारे दीड मीटर, वजन 50 किलोंहून अधिक. जुने चांदीचे पात्र 1809 साली नेपोलियनच्या सैन्याने पळविले. आजचे पितळेचे, चांदीचा मुलामा दिलेले पात्र 1851 सालचे आहे. मोठ्या सणांच्या दिवशी तांबड्या झग्यांतील आठ सेवेकरी दोर ओढतात आणि हे पात्र धुराचे लोट सोडीत क्रूसाच्या एका भुजेकडून दुसऱ्या भुजेकडे, जवळजवळ छताला भिडत, झोके घेते. त्याचा वेग ताशी 68 किलोमीटरपर्यंत जातो.

हा वेग येतो कसा? आमच्या माताभगिनींना तो नागपंचमीच्या झोक्यावरून चटकन उमगेल. झोक्यावर उभी राहिलेली मुलगी झोका खाली आला की अंग ताठ करून उठते आणि टोकाला गेला की गुडघ्यांत वाकते. प्रत्येक फेरीला झोका उंच उंच जातो. हे सेवेकरीही पात्र अगदी खाली आले की दोर ओढून आखडतात आणि वर टोकाला गेले की सैल सोडतात. सुमारे दीड मिनिटात एवढे अवजड पात्र छतापाशी पोहोचते. दिवसेंदिवस चालून आलेल्या, घामाने थबथबलेल्या यात्रेकरूंच्या गर्दीत हवा शुद्ध राहावी म्हणून ही प्रथा पडली, असेही सांगतात.

वाट आणि वारकरी

फ्रान्सच्या सीमेवरून निघणारी प्रमुख वाट सुमारे 780 किलोमीटरांची आहे. तुळशीची माळ ही जशी आपल्या वारकऱ्याची खूण, तशी या यात्रेकरूची खूण म्हणजे समुद्रातला शिंपला. कालिक्स्तिनुस हस्तलिखिताच्या पाचव्या भागात कोठे पाणी गोड, कोठे नदी धोक्याची, कोठे नावाडी लुबाडतात, हे सारे यात्रेकरूसाठी लिहून ठेवले आहे. मंदिरासमोर राणी इसाबेल व राजा फेर्नान्दो यांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधविलेली भव्य धर्मशाळा आणि रुग्णालय होते. ती वास्तू आता हॉटेल आहे. नगराच्या अलीकडे ‘आनंदाची टेकडी’ लागते. तेथून मनोरे प्रथम दिसतात, आणि चमूतील जो ते आधी पाही त्याला सोबती ‘राजा’ म्हणत. वेळापूरजवळच्या उतारावर माउलींच्या सोहळ्यातील धावा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या टेकडीचे निराळे वर्णन नको.

25 जुलै रविवारी आला की ते पुण्यवर्ष मानतात आणि एरवी बंद असलेले पुण्यद्वार उघडतात. 2021 चे पुण्यवर्ष महामारीमुळे 2022 अखेरपर्यंत वाढविले गेले. त्यानंतरचे 2027 चे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थही त्याच सुमाराचा, हा योगायोग लक्षात राहावा असा आहे.

ही वाट नेहमीच गजबजलेली होती असे मात्र नाही. 1589 साली इंग्रजांच्या स्वारीच्या भयाने तेथील आर्चबिशपने प्रेषिताच्या अस्थी लपवून ठेवल्या. संकट टळले, पण जागा विस्मृतीत गेली. जवळजवळ 300 वर्षे भाविक येत राहिले आणि अस्थी नेमक्या कोठे आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हते. 1879 साली लोपेस फेर्रेइरो या धर्मोपदेशक-इतिहासकाराच्या उत्खननात त्या सापडल्या व 1884 साली पोप तेराव्या लिओने त्यांस मान्यता दिली. विठ्ठलाची मूर्ती कृष्णदेवरायाने हंपीस नेली आणि भानुदासांनी ती परत आणली, ही आपली परंपरा येथे आठवते. देव दृष्टीआड झाला तरी वाट थांबत नाही. किंबहुना, वाट थांबली नाही म्हणूनच देव पुन्हा सापडतो.

तरी वाट ओसही पडली. 1986 साली सान्तियागोच्या दप्तरी जेमतेम अडीच हजार यात्रेकरूंची नोंद झाली. 2024 साली हा आकडा 5 लाखांच्या आसपास गेला. यंत्राच्या वेगाने थकलेला मनुष्य पुन्हा आपल्या दोन पायांकडे वळला.

स्पर्श की संयम?

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्या संगमरवरी स्तंभावरचे पाच खळगे आमच्या मनातून जात नाहीत. भक्तीने दगड झिजतो, ही नुसती उपमा नव्हे. पंढरपुरासही श्रींच्या मूर्तीला वज्रलेप करण्याची वेळ येते, आणि 2024 साली मंदिराच्या संवर्धनाच्या कामासाठी पदस्पर्शदर्शन काही काळ बंद ठेवावे लागले, तेव्हा अनेकांचा जीव कळवळला. आमचाही कळवळला. पायांवर डोके ठेवल्यावाचून भेट झाली असे वाटत नाही, ही भावना आम्ही हलकी लेखीत नाही. तेथेही यात्रेकरू अजून वेदीमागच्या पायऱ्या चढून प्रेषिताच्या मूर्तीला मागून आलिंगन देतात. मग खाली तळघरात उतरून चांदीच्या पेटीपुढे हात जोडतात. मनुष्याला स्पर्श हवाच असतो.

परंतु पुढच्या पिढ्यांच्या वारकऱ्यालाही तीच मूर्ती, तोच स्तंभ दिसावा असे वाटत असेल, तर कधीतरी हात मागे घ्यावा लागतो. आपल्या परंपरेला हे शिकवावे लागू नये. गर्दीत आत जाता आले नाही म्हणून केवळ कळसाचे दर्शन घेऊन परत फिरलेले किती वारकरी आपल्या घराण्यांत होऊन गेले! त्यांची वारी उणी पडली, असे कोण म्हणेल? आणि ज्यांना उंबरठ्याच्या आत येऊच दिले नाही ते चोखोबा महाद्वारापाशीच राहिले. तो संयम नव्हे, तो अन्याय होता, हेही विसरता कामा नये. लादलेले अंतर आणि प्रेमाने राखलेले अंतर यांत जमीन-अस्मानाचा भेद आहे.

यंदा आषाढीला जे पायांशी पोहोचतील त्यांनी आमचाही नमस्कार तेथे पोहोचवावा. ज्यांना मुखदर्शनावर वा कळसावर समाधान मानावे लागेल, त्यांनी दूर देशीच्या त्या मातेओला आठवावे. आठशे वर्षांहून अधिक काळ तो वेदीपासून दूर, दाराशी गुडघे टेकून बसला आहे, आणि त्याची दृष्टी क्षणभरही ढळलेली नाही.